पत राखण्याची नोकरी

बँकेत कर्जाचा अर्ज आला की ताळेबंद, तारण आणि जामीनदार यांकडे वळण्यापूर्वी आमचे जुने शाखाधिकारी एक काम हमखास करीत. ते बाजारात चौकशी करीत. अर्जदाराच्या शेजारचा दुकानदार, त्याला माल देणारा अडत्या, त्याच्याकडे हमाली करणारा माणूस यांच्याशी सहज म्हणून बोलत आणि जे कळे ते दोन ओळींत कागदावर उतरवीत. दुसऱ्या बँकेने एखाद्या पेढीविषयी गोपनीय अभिप्राय मागविला, तर तोही असाच मोजक्या शब्दांत द्यावा लागे. 'व्यवहार समाधानकारक' आणि 'व्यवहार साधारण ठीक' या दोहोंत किती अंतर आहे, हे नव्या अधिकाऱ्याला दोनतीन कर्जे थकल्यावरच उमगे. मराठीत उधार मिळण्याच्या योग्यतेलाही पत म्हणतात आणि लौकिकालाही पतच म्हणतात. दुसऱ्या कोणाचा धंदा नावानिशी विकत घेतल्याखेरीज ही पत रुपयांत मांडून ताळेबंदात दाखविता येत नाही. पण ती गेली की ताळेबंदातील उरलेल्या सगळ्या रकमा डळमळू लागतात.

संस्थेची ही पत सांभाळण्याचा पगारी व्यवसाय म्हणजे जनसंपर्क. आपल्या व्यापारी घरांतून या व्यवसायाविषयी फारशी माहिती नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे. निमित्त घरचेच आहे. माझ्या धाकट्या भावाचे मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान आहे. त्याची मुलगी बी. कॉम. झाली आणि तिने जनसंपर्काचा अभ्यासक्रम करण्याची इच्छा बोलून दाखविली. प्रथम कोणी रागावले नाही, कारण हे नेमके काय असते हेच कोणाला ठाऊक नव्हते. समारंभात पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचे आणि पुढाऱ्यांच्या मागेपुढे हिंडायचे, अशी भावाची समजूत होती. पुढे फीचा आकडा कळला, पुण्यामुंबईत राहावे लागेल हे कळले, आणि घरात रीतसर दोन पक्ष पडले. "दादा, तुम्ही बँकेत होता, तुमचे ती ऐकते. सी. ए. कर म्हणावे, नाहीतर बँकेची परीक्षा दे," असे सांगून भावाने तिला माझ्याकडे पाठविले. समजूत घालण्याचे मी कबूल केले नाही. कर्जाच्या अर्जाची करतो तशी चौकशी करीन, एवढेच म्हणालो.

माझा स्वतःचा या विषयाशी संबंध एकदाच, पण जवळून आला होता. नोकरीच्या मध्यावर मी एका तालुक्याच्या गावी होतो. गावातील एक पतसंस्था अडचणीत आली आणि दोन दिवसांत कुजबुज सुरू झाली की आता बँकेचेही काही खरे नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शाखेच्या दारात रांग लागली. मुख्य कार्यालयाकडून आलेले परिपत्रक इतक्या जड भाषेत होते, की ते वाचून धीराच्या माणसालाही शंका यावी. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी ते घडी करून खिशात ठेवले. जिल्ह्याच्या करन्सी चेस्टमधून जादा रोकड मागविली, कॅशियरच्या मागच्या टेबलावर नोटांच्या थप्प्या दिसतील अशा रचल्या आणि दारावर फळा लावला : 'ज्यांना पैसे हवे आहेत त्या सर्वांना आज पैसे मिळतील. शेवटचा माणूस जाईपर्यंत काउंटर बंद होणार नाही.' पुढचा दिवसभर त्यांनी एकच गोष्ट केली. फळ्यावर लिहिलेले पाळले. रात्री साडेआठला शेवटचा ठेवीदार गेला. पुढच्या आठवड्यात निम्म्याहून अधिक रक्कम परत जमा झाली. त्या गृहस्थांनी जनसंपर्क हा शब्द आयुष्यात उच्चारला असेल असे मला वाटत नाही. परंतु त्या विषयाचे मर्म मला तेथेच कळले. फळ्यावरच्या अक्षरांमागे टेबलावरच्या नोटा होत्या म्हणून त्या अक्षरांना किंमत आली.

या व्यवसायाचा इतिहासही काहीसा असाच, पण दुपदरी आहे. अमेरिकेत १९०६ च्या ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. तोपर्यंत अपघात दडविण्याकडेच रेल्वे कंपन्यांचा कल असे. आयव्ही ली नावाचा एक माजी वार्ताहर त्या कंपनीचा सल्लागार होता. त्याने पत्रकारांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली आणि घडले ते लेखी निवेदनाने कळविले. आजच्या प्रसिद्धीपत्रकाचा उगम त्या निवेदनात सांगितला जातो. त्याच लीने आठ वर्षांनी कोलोरॅडोतील खाणकामगारांच्या संपात रॉकफेलर घराण्याची बाजू मांडणारी पत्रके काढली, त्यांतील काही मजकूर असत्य निघाला आणि त्याच्या नावाला कायमचा बट्टा लागला. पुतणीला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. पहिली पाठ्यपुस्तकात ठळकपणे असते, दुसरी कधी कधी तळटीपेत.

आपल्या देशात 'पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही व्यावसायिकांची संस्था १९५८ साली स्थापन झाली. तिची पहिली अखिल भारतीय परिषद २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत भरली आणि पुढे हाच दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन ठरला. संस्थेच्या शाखा मोठ्या शहरांत आहेत. त्यांच्या व्याख्यानांना नवख्याने जावे, ओळखी होतात. आमची मुले लग्नसमारंभात ओळखी करून घेण्यात पटाईत असतात, ती येथे लाजतात हे मात्र नवल.

आता व्यापाऱ्यांना चटकन पटेल असे एक उदाहरण देतो. २००३ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कारखान्यात अळ्या होणे शक्य नाही, दुकानातील साठवणूक सदोष असावी, असे कंपनीचे प्रथम म्हणणे पडले. आपल्यापैकी अनेकांच्या घाऊक आणि किरकोळ दुकानांत त्या वेळी तो माल होता. माझे मेहुणे तेव्हा घाऊक व्यापारात होते. त्यांच्या संतापाचा मी साक्षीदार आहे. गिऱ्हाईक कंपनीला विचारायला जात नाही, ते गल्ल्यावर बसलेल्या माणसाला विचारते, आणि कंपनीने तर त्याच माणसाकडे बोट दाखविले होते. पुढे कंपनीने धोरण बदलले. 'विश्वास' नावाची मोहीम काढून दुकानदारांना साठवणुकीविषयी माहिती दिली, २००४ च्या आरंभी अधिक बंदिस्त वेष्टन आणले आणि अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभे केले. विक्री सावरली. श्रेय बहुतेक लोक बच्चनसाहेबांना देतात. माझे मत निराळे आहे. वेष्टन बदलले नसते आणि दुकानदाराला पुन्हा जवळ केले नसते, तर कोणत्याही नटाचा शब्द टिकला नसता. 'जन' या शब्दात दुकानदार, हमाल, वितरक हेही येतात, ही गोष्ट व्यवस्थापन शिकलेल्या मुलांना शिकवावी लागते. आपल्या मुलांना ती गल्ल्यावर बसून आधीच ठाऊक असते. हे भांडवल आहे, आणि ते भांडवल आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

पुतणीच्या बाबतीत ते सांगण्याची वेळ अचानक आली. एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, की आमच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या हळदीत रंग मिसळला जातो. व्यापाऱ्यांच्या संघटनेची तातडीची बैठक बसली. भाऊ कार्यकारिणीवर होता. 'ही बातमी खोडसाळ व निराधार असून व्यापाऱ्यांची बदनामी करणारी आहे' असे पत्रक काढायचे ठरले. "तुझी पोर तेच शिकायला निघाली आहे ना? तिलाच लिहू दे," असे कोणीतरी थट्टेने म्हणाले. तिने कागद घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आपण नमुने तपासून घेतले आहेत का?"

बैठकीत शांतता पसरली, असे भाऊ नंतर सांगत होता. तो स्वतः घरी येऊन तिच्यावर फार चिडला. वडीलधाऱ्या माणसांसमोर असा प्रश्न म्हणजे त्यांच्यावर संशय घेण्यासारखे आहे, हे त्याचे म्हणणे. तिचे म्हणणे असे, की "बाबा, निराधार हा शब्द मी लिहिला आणि उद्या कोणी तपासणीचा कागद दाखविला, तर माझा शब्द जाईल आणि तुमचे दुकान जाईल." ती रात्री माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मी तिला एवढेच विचारले, की यार्डात हळकुंड येते, मग रंग लागायचाच झाला तर कोठे लागेल. दुसऱ्या दिवशी ती हमालांशी आणि पॉलिश करणाऱ्यांशी बोलून आली. हळकुंडाला पॉलिश करताना चकाकीसाठी काही जण रंग लावतात, हे त्यांना सर्वांना माहीत होते. व्यापाऱ्यांनाही माहीत नव्हते असे नाही. फक्त त्याविषयी कोणी बोलत नव्हते.

संघटनेचे अध्यक्ष जुने गृहस्थ. त्यांनी अखेर तिचा मजकूर मान्य केला. तो तीन वाक्यांचा होता : बातमीची संघटनेने दखल घेतली आहे, अमुक इतक्या दुकानांतील नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविले आहेत, अहवाल येताच तो जसाच्या तसा जाहीर केला जाईल. अहवाल आला. एक सोडून सर्व नमुने निर्दोष होते. त्या एका नमुन्याचा माल जेथे पॉलिश झाला होता, तेथून खरेदी थांबविल्याचे दुसरे पत्रक निघाले. वर्तमानपत्राने दोन्ही छापली आणि विषय तेथे मिटला. भावाच्या दुकानावर मात्र परिणाम झाला. त्या पॉलिशवाल्याशी नात्याने बांधलेल्या दोन व्यापाऱ्यांनी त्याच्याशी सौदे करणे थांबविले. त्यांतील एकाने अजूनही सुरू केलेले नाहीत. या व्यवसायाची खरी किंमत अशी असते. ती अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

एवढे झाल्यावर भावाचा विरोध मावळला असे मुळीच नाही. पण 'पुष्पगुच्छ' हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही.

मग मी खरोखर चौकशीला लागलो. पदवीनंतरचे अभ्यासक्रम अनेक ठिकाणी आहेत. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत, जी १९६५ पासून चालू आहे, जाहिरात व जनसंपर्क हा जुना आणि नावाजलेला विषय आहे. तिचे एक केंद्र आपल्या अमरावतीतही आहे. मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, पुण्यात सिम्बायोसिसची जनसंज्ञापन संस्था आणि रानडे इन्स्टिट्यूट या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखला गेलेला विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे. गल्लोगल्ली निघालेल्या खासगी वर्गांविषयी एकच सांगतो. फी भरण्यापूर्वी मागील वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष भेटावे आणि ते आज कोठे काम करतात ते पाहावे. जामीनदार पाहिल्याशिवाय कर्ज देत नाहीत.

पदविका हा प्रवेशाचा परवाना नव्हे. नोकरी देणारा पाहतो ते लेखन. पाचसहा लेखी नमुने हाताशी असावेत आणि ते काल्पनिक नसावेत. गावातील रक्तदान शिबिराची बातमी, शाळेच्या शतक महोत्सवाचे पत्रक, एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालाचा दोन पानी सारांश, असे काहीही चालते. बातमीत सर्वांत महत्त्वाचे ते पहिल्या वाक्यात येते. आपली पत्रके 'प्रतिवर्षीप्रमाणे याही वर्षी' या शब्दांनी सुरू होतात आणि मुख्य गोष्ट शेवटच्या ओळीत सापडते. उपसंपादक शेवटून कापतो, म्हणजे कात्री नेमकी कोठे लागते ते लक्षात यावे. पुतणीने आपल्या नमुन्यांत हळदीची दोन्ही पत्रके घातली. व्यापाऱ्यांची नावे मी तिला काळ्या शाईने झाकायला लावली. बँकेची सवय.

मराठी चांगले असणे ही अडचण नसून सोय आहे. मुंबईच्या एजन्सींत बहुतेक मजकूर इंग्रजीत तयार होतो आणि त्याचे मराठी भाषांतर पुष्कळदा असे होते, की मराठी दैनिकांतील उपसंपादक ते बाजूला ठेवतात. दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे नीट लिहिणारा मुलगा किंवा मुलगी तेथे लवकर नजरेत भरते. त्यासाठी रोज तीन वर्तमानपत्रे वाचावीत, एक आर्थिक विषयाचे असावे, आणि बातमीखालचे वार्ताहराचे नाव टिपून ठेवावे. कोण कोणता विषय हाताळतो हे ठाऊक असल्याशिवाय फोन करणे व्यर्थ. आणि संध्याकाळी पाने लागत असताना फोन करणे त्याहून वाईट.

दारे मुख्यतः तीन आहेत. एजन्सी, एखाद्या कंपनीचा स्वतःचा जनसंपर्क विभाग, आणि शासन. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे जिल्हा माहिती अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात असतात. 'लोकराज्य' मासिक तेच खाते काढते. शासकीय जाहिरात निघाली की पात्रता पाहावी, पण तिची वाट पाहत बसू नये. नवख्याने एजन्सीत सुरुवात करावी असे बहुतेकांनी मला सांगितले, कारण तेथे एकाच वेळी चारपाच ग्राहकांचे काम हाताखालून जाते. आरंभी प्रशिक्षणार्थी, मग 'अकाउंट एक्झिक्युटिव्ह'. हा शब्द ऐकून भावाला क्षणभर आनंद झाला होता. मुलगी शेवटी हिशेबाकडेच वळली, असे त्याला वाटले. येथे अकाउंट म्हणजे ग्राहक, हे मला समजावून सांगावे लागले. पहिले वर्ष सकाळी लवकर येऊन कात्रणे गोळा करण्यात, याद्या अद्ययावत ठेवण्यात आणि पत्रकार परिषदेत खुर्च्या मोजण्यात जाते. वेतन इतके कमी असते, की दुकानातील जुन्या दिवाणजींचा पगार त्यापुढे भरघोस वाटावा. घरच्यांनी निदान दोन वर्षे आधार देण्याची तयारी ठेवावी. ती नसेल तर प्रवेश घेण्याआधीच तसे मुलांना स्पष्ट सांगावे.

एक काळा कोपराही आहे. पैसे घेऊन बातमीच्या रूपात जाहिरात छापण्याच्या प्रकाराविषयी भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० मध्ये अहवाल काढला होता. पाकीट देऊन बातमी आणणारा माणूस काही काळ हुशार ठरतो. तशा ठिकाणी नोकरी लागली तर ती सोडण्याइतके बळ घरच्यांनी मुलांना द्यावे; हे बळ बहुधा पैशाचेच असते.

वाणिज्य शाखेच्या मुलांना येथे आणखी एक जागा आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे तिमाही निकाल, नवे भागविक्री प्रस्ताव, विलीनीकरण यांची पत्रके लिहिणारे वेगळे लोक असतात. साहित्य किंवा पत्रकारिता शिकून आलेल्या अनेकांना नफा-तोटा पत्रक वाचता येत नाही. रोख प्रवाहाचे तर नावच नको. ज्याला ताळेबंदातील टिपा वाचून कंपनीने काय ठळक सांगितले आहे आणि काय बारीक अक्षरांत टाकले आहे हे कळते, त्याला या शाखेत भराभर वर जाता येते. सी. ए. ची इंटरमीजिएट देऊन पुढे थांबलेल्या मुलांनी याचा अवश्य विचार करावा. ती वर्षे येथे वाया गेलेली ठरत नाहीत.

मात्र या कामाला कडक पथ्य आहे. निकाल आधी शेअर बाजाराला कळवावे लागतात, मग वर्तमानपत्रांना. आणि पत्रक लिहिणाऱ्याला ते दोघांच्याही आधी ठाऊक असतात. अंतर्गत माहितीच्या आधारे होणाऱ्या व्यवहारांविरुद्ध सेबीचे २०१५ चे नियम आहेत. त्यांनुसार अशी माहिती असलेल्याने स्वतः शेअर घ्यायचे नाहीत, एवढेच पुरत नाही. ती माहिती कोणाला द्यायचीही नाही. वडिलांना नाही, काकांना नाही, जेवणाच्या ताटावर सहज म्हणूनही नाही. सकाळी नऊ वाजल्यापासून दूरदर्शन संचावर भाव पाहणाऱ्या आपल्या घरांत हे पथ्य किती अवघड आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

पुतणी सध्या मुंबईत एका मध्यम आकाराच्या एजन्सीत आहे आणि गेल्या काही महिन्यांपासून याच विभागात काम करते. भाऊ रविवारी फोन करतो. जेवणखाण, राहण्याची जागा, लोकलची गर्दी यांची चौकशी झाली की अगदी सहज विचारल्यासारखे विचारतो, "त्या तुमच्या कंपनीचे कसे काय चालले आहे?"

"पेपरात येईल बाबा," ती म्हणते, "तेव्हा वाचा."